गोलामागची जागा

मल्हारीमामाचे हात मागे आले. झालं ते एवढंच. सटाण्याच्या त्या काडीसारख्या पोरानं मारलेला बॉल, त्यात जोर नाही, वळण नाही, टप्पे खात खात एखादं कोकरू घरी यावं तसा आला आणि मामा उजवीकडे झेपावला. झेपावला अगदी बरोबर, फोटो काढून भिंतीवर लावावा असा. पण बॉल बोटांशी यायच्या जरा आधी त्याचे हात, तापल्या तव्यावरून काढावेत तसे, मागे आले. बॉल आत गेला. मी गोलाच्या मागे डाव्या खांबापाशी उभी होते, मामाच्या चपला हातात धरून, म्हणजे माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या जागेवर, त्यांच्या ऐवजी. मामापासून इतकी जवळ की त्याच्या कोपराला लागलेली माती दिसत होती. ती जागा सोडून मैदानात कुठूनही ते हात दिसले नसते, दिसली असती ती फक्त झेप. उठताना मामानं मागे बघितलं. मला बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं. त्याला काय म्हणायचं ते मला अजून सापडलेलं नाही, आणि मला शब्द सापडत नाहीत असं सहसा होत नाही.

ही बढाई नाही, वर्गात कुणालाही विचारा. आठवीपर्यंत मी पाणी प्यायला जायची परवानगी मागायलाही घाबरायचे. मग एका जयंतीला भाषण करणारा मुलगा आयत्या वेळी तापानं झोपला, कुणीतरी मला माईकपुढे ढकललं, आणि माझा आवाज आमच्या वसाहतीच्या टोकापर्यंत जाऊन भिंतींवर आपटून माझ्याकडे परत आला, तेव्हा मला कळलं की हा माझा आहे. तेव्हापासून मी थांबलेली नाही. आता दहावीत आहे, बाई मला 'वकीलसाहेब' म्हणतात, दोन बोटं तोंडात घालून मी मारलेली शिट्टी रेल्वेच्या फाटकापर्यंत जाते, आणि मैदानावर आमच्या समता क्लबच्या बाजूनं ओरडणाऱ्या शंभरभर माणसांत मी एकटी मुलगी असते, त्याचं मला आता काहीही वाटत नाही. पण त्या दिवशी गोल झाल्यावर सगळे ओरडले आणि माझी बोटं तोंडापर्यंत गेलीच नाहीत. सटाण्याहून कांद्याच्या टेम्पोत बसून आलेली माणसं टोप्या उडवत नाचत होती. मी बघत होते आमच्या झुंबरभाऊंकडे. झुंबरभाऊ आमचे कोच. सायकलचं दुकान आहे त्यांचं, आणि एरवी समोरच्याला नुसता कॉर्नर मिळाला तरी ते स्वतःच्या डोक्यावर मारून घेतात. ते शांतपणे चहा पीत होते. कपाच्या तळाशी उरलेला घोट त्यांनी जमिनीवर ओतला आणि मनगटावरच्या घड्याळात बघितलं. माणूस बसची वाट बघताना बघतो तसं.

आप्पा आले ते सामना संपता संपता, आणि आले ते भलत्याच बाजूला. फाटकाकडून धावत येताना त्यांना सटाण्याचा गोल आधी लागला, तिथंच ते अडकले, अंगावर खाकी, खांद्याला तिकिटांची पेटी आणि पैशांची बॅग. आप्पा एसटीत कंडक्टर आहेत. मैदानावर ते खाकीत कधीच येत नाहीत. शिट्टी वाजली, आम्ही एकानं हरलो होतो, आणि मैदानाच्या त्या टोकाला माझे वडील परक्यांच्या नाचात उभे होते. सटाण्याच्या एका म्हाताऱ्यानं ते आपलेच समजून त्यांच्या गळ्यात हात टाकला. आप्पांनी तो काढला नाही. त्यांना बहुतेक कळलंही नाही.

घरी आल्यावर ते बुटांच्या नाड्या सोडत बसले, सोडल्या, परत बांधल्या, परत सोडल्या. आई चुलीशी होती. ती म्हणाली, "असू द्या की. हरत्यात कधी. गटात दुसरे आले ना, सेमीफायनल हायेच."

"सटाण्याकडून नाय हरत आपण, कला."

"मंग आज हरले."

"मी जाग्यावर नव्हतो," आप्पा म्हणाले.

हे सांगायला हवं, नाहीतर कुणाला कळणार नाही. आमच्या घरात देव नाहीत. आजोबांनी ते दीक्षेच्या वर्षी टोपलीत घालून गोदावरीत सोडले, आणि आप्पा त्या टोपलीमागे चालत गेले होते, तेव्हा ते माझ्याएवढेच होते. आमच्याकडे मांजर आडवं गेलं तर थांबत नाहीत, अमावस्येला नवी वस्तू आणतात, मुद्दाम आणतात. एकदा वणीच्या यात्रेच्या गर्दीत ड्रायव्हरनं गाडीपुढे नारळ फोडला तर आप्पांनी सगळ्या पॅसेंजरांसमोर त्याला भाषण दिलं, ते ऐकत गाडी उशिरा सुटली. माझी सगळी बक्षिसं अंधश्रद्धेवरच्या भाषणांची आहेत आणि त्या भाषणांतली अर्धी वाक्यं आप्पांची आहेत. आणि ह्याच माणसानं समता क्लब सुरू झाल्यापासून प्रत्येक सामना आपल्या गोलाच्या मागे डाव्या खांबापाशी उभं राहून पाहिला आहे, मामाच्या चपला हातात घेऊन. हाफटाइमला बाजू बदलली की चपलांसकट मैदान ओलांडून पलीकडचा डावा खांब. एका वर्षी पाय मुरगळला होता तेव्हा त्यांना खुर्चीत बसवून तिथं नेलं. आई म्हणते, "देव सोडले ह्यांनी, खांब तेवढा सोडला नाय." त्यावर आप्पा हसायचे. म्हणायचे, तो विश्वास नाही, ती सवय आहे.

"आप्पा, हे शास्त्रीय नाही," मी म्हणाले. माझा आवाज मोठाच लागला. "तुम्ही कुठं उभे आहात ह्यानं बॉलला काय फरक पडतो?"

"नाय पडत."

"मग?"

"मंग काय. मी नव्हतो आन गेला." त्यांनी बूट भिंतीशी सरळ लावून ठेवले. "पनवती म्हणजे दुसरं काय असतं गं? आपलं येणंच उलटं पडतं. धावत आलो ते बी त्यांच्याच गोलामागं." आणि मग शेजारच्या खोलीतल्याला सांगावं तसं ते बोलले: "सेमीफायनलच्या रविवारी मी सुरगाण्याची मुक्कामी घेतो. जितकं लांब तितकं बरं."

आई काम करायची थांबली. मी काहीतरी बोलले, मोठमोठ्यानं बोलले, आणि बोलत असताना मला माझ्याच डोळ्यांपुढे मागे येणारे हात दिसत होते. माझ्याकडे उत्तर होतं. जगात मी एकटीच होते जी त्यांना सिद्ध करून दाखवू शकत होते की त्यांचा काही दोष नाही, आणि सिद्ध करायचं म्हणजे मामाचे ते हात त्यांच्या समोर आणून ठेवायचे.

आता सुरगाण्याची मुक्कामी गाडी म्हणजे काय ते ज्यानं केली त्यालाच माहीत. घाट, थंडी, पायरीवर लोंबकळणारी माणसं, नागलीची पोती, कोंबड्या, आणि मुक्कामाला एसटीच्याच बाकावर घोंगडी पांघरून निजायचं. कुणालाच ती नको असते. आप्पा ती आठवडाभर दुसऱ्यांची मागून घ्यायचे, बदल्यात त्यांना रविवार मोकळा मिळायचा. माझ्या लहानपणाचा वास असा आहे: शनिवारी दुपारी दार उघडतं आणि धूर, डिझेल आणि ओल्या घोंगडीचा वास घेऊन आप्पा आत येतात, मला उचलतात आणि म्हणतात, उद्या कुणाशी हाये? क्लब तसा काय होता? आमच्या वसाहतीतल्या कुणाकुणाचे वडील देवळालीच्या कॅम्पात मेसमध्ये भांडी घासायचे, झाडलोट करायचे. त्यांच्या पोरांनी तारेच्या कुंपणाबाहेर उभं राहून जवानांचा खेळ पाहिला आणि फाटका बॉल मागून आणला. बस्स. हे सामने झाले त्याच वर्षी जूनमध्ये भारतानं क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकला आणि गल्लीतल्या पोरांनी रातोरात फळकुटांच्या बॅटी केल्या. फुटबॉल बघायला येणारे निम्म्यावर आले. आप्पा मात्र म्हणायचे, क्रिकेट सगळ्यांचं हाय, समता आपलं हाय. ही स्पर्धा म्हणजे गोदावरी ढाल, ती आम्ही एकदाही जिंकलेली नव्हती. दोनदा फायनलला हरलो. त्या दोन्ही वेळी आप्पा रडले होते, लहान मूल रडतं तसे, तोंड न झाकता, आणि दुसऱ्या दिवशी ताजेतवाने उठून डेपोत गेले होते. मला ते रडणं आवडायचं, हे आता कळतं. घर धुऊन काढल्यासारखं वाटायचं.

मामाला मी दुसऱ्या दिवशी गाठलं. तो वायरमन आहे. एका नव्या इमारतीच्या जिन्यात बसून भिंतीतल्या नळीत वायर सरकवत होता. मी शाळेच्या गणवेशात, दप्तर खाली टाकलं आणि सरळ विचारलं, कारण आडून विचारणं मला आता जमत नाही.

"तू हात मागे का घेतलेस?"

मामानं वायर सरकवणं थांबवलं नाही. "कोणते हात?"

"मामा, मी खांबापाशी होते."

"हां," तो म्हणाला. "तू होतीस खरी." मग त्यानं वायर सोडली. "बस. नको, धूळ आहे. बस त्या पायरीवर. हे बघ यशे, डोकं आहे ना तुला, मग ऐक. गटात पहिले आलो असतो तर सेमीफायनल कुणाशी? कॅम्पातल्या लष्कराच्या टीमशी. ते दुसऱ्या गटात चुकून दुसरे आलेत, पहिल्या सामन्याला त्यांनी रंगरूट उतरवले म्हणून. त्यांच्याशी आपण जन्मात जिंकत नाही. आणि आपण दुसरे आलो तर? मनमाड. मनमाडला ह्या वर्षात दोनदा हाणलंय. मग पहिलं यायचं कशाला?"

"म्हणजे मुद्दाम हरायचं."

"मुद्दाम दुसरं यायचं. झुंबरभाऊंनी सगळ्या टीमला सांगितलं, ह्याला डोकं म्हणतात. मोठ्या मोठ्या टीमा करतात."

मला ते लगेच समजलं, आणि खरं सांगते, क्षणभर आवडलंही. गणित सुटल्यावर होतं तसं. फायनल समोर दिसायला लागली. मग मी विचारलं, "आप्पांना का नाही सांगितलं?"

मामा हसला, पण नुसत्या दातांनी. "दाजींना? दाजी मैदानात उतरून मला घरी घेऊन गेले असते, कान धरून." तो नळीच्या तोंडातून बाहेर आलेली तार बोटानं वाकवत राहिला. "सोमा कंडक्टर शनिवारची त्यांची मुक्कामी घेणार होता ना, म्हणजे दाजी रविवारी मोकळे, आणि घेतली नाही, पोट दुखतंय म्हणाला? त्याचं पोट झुंबरभाऊंनी दुखवलं होतं."

"म्हणजे ते येऊ नयेत म्हणून?"

"ते मागं उभे असते तर माझा हात मागं आलाच नसता, यशे. मी म्हणालो झुंबरभाऊंना, बाकी काय पण सांगा, दाजी मागं असताना नाय जमायचं. आणि मग मागं वळून बघतो तर तू. चपला घेऊन." त्यानं माझ्याकडे बघितलं. "तू नको सांगूस त्यांना. फायनल गाठली ना, की मी स्वतः सांगेन. पायावर डोकं ठेवून सांगेन."

"ते येणारच नाहीयेत सेमीफायनलला," मी म्हणाले. "ते स्वतःला पनवती समजतायत."

हे त्याला माहीत नव्हतं. त्याच्या हातातली तार तशीच राहिली. खाली कुणीतरी मल्हारी, लाईट आली का, म्हणून ओरडत होतं.

तो आठवडा मी कसा काढला ते सलग सांगता येत नाही, कारण तो सलग नव्हताच. भूमितीच्या तासाला बाईंनी सिद्धता विचारली आणि मी उभी राहून ती फाडफाड म्हटली, पक्ष, साध्य, रचना, आणि शेवटचं "म्हणून सिद्ध झाले" न म्हणताच खाली बसले. डबा खाताना मैत्रिणी हसत होत्या, मीही हसत होते, आणि मधेच हाताच्या तळव्यांना काहीतरी व्हायचं, गरम वस्तूपासून मागे घेतल्यासारखं. मला वाटायचं, आप्पा तिथं नव्हते म्हणून आपण हरलो, हे आप्पा म्हणतात ते वेडगळ आहे. आणि मामा काय म्हणाला? तेच. अक्षरशः तेच. आप्पा तिथं नव्हते म्हणूनच हरलो. मग माझी सगळी भाषणं कुठं गेली? आणि दुसरीकडे आप्पा घरात होते, जेवत होते, रेडिओ ऐकत होते, फक्त फुटबॉलचा विषय निघाला की उठून बाहेर जात होते, जसा घरातला एखादा आजारी माणूस आपली वाटी वेगळी ठेवतो. एकदा मी शाळेतून आले तर मामाची पोरगी दारात खेळत होती आणि ते तिला जवळ घेत नव्हते. म्हणाले, नको, तिच्या बापाची मॅच आहे. मी त्याच क्षणी ठरवलं. विचार करून नव्हे, रागानं. लोकांनी एका माणसाला फसवायचं आणि त्या माणसानं स्वतःला विटाळ समजून बसायचं, हे मी माईकवरून ज्या ज्या गोष्टींविरुद्ध ओरडले आहे त्यातलंच होतं, आणि ते आमच्या घरात चाललं होतं.

रविवारी आप्पा डबा न घेता गेले होते. आईनं दिला नव्हता की त्यांनी घेतला नव्हता, कोण जाणे. मी तो घेऊन नाशिकच्या स्टँडवर गेले. सुरगाण्याची गाडी लागली होती, खिडक्यांतून पोती आत जात होती. आप्पा मागच्या दारात उभे होते, आणि थोडं पलीकडे, चौकशीच्या खिडकीपाशी, सोमा कंडक्टर विडी ओढत होता. आप्पांना पाहून त्यानं तोंड दुसरीकडे फिरवलं, ते मी पाहिलं. मी आप्पांना बाजूला, गाडीच्या चाकाशी बोलावलं आणि सांगून टाकलं. गट, लष्कर, मनमाड, झुंबरभाऊंचा चहा, सोमाचं पोट, मामाचे हात. मामाचं ते एक वाक्य तेवढं मी ठेवून घेतलं. मला वाटलं होतं ते मला मधेच थांबवतील. थांबवलं नाही. गाडीतून एक बाई ओरडली, "ओ मास्तर, हालवा की गाडी, लेकराला ऊन लागतंया." आप्पांनी तिच्याकडे हात केला, थांबा म्हणून, फार सौम्यपणे.

"मल्हारीनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं?"

"हो."

"टीममधल्या सगळ्यांना माहीत होतं?"

"सगळ्यांना."

"मंग मी एकटाच," ते म्हणाले. त्यांनी तिकिटांची पेटी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. बराच वेळ ते चाकाच्या नटांकडे बघत होते. मग एकदम विचारलं, "मी मागं उभा असतो तर केलं असतं का त्यानं?"

मी खोटं बोलू शकले असते. "नाही म्हणाला. तुम्ही असता तर जमलं नसतं म्हणाला."

आप्पांनी मान हलवली. आणि त्यांचा चेहरा, हे लिहितानाही मला विचित्र वाटतं, जरासा उजळला. "मंग माझं बरोबरच होतं," ते म्हणाले. "मी नव्हतो म्हणूनच गेला."

मग ते सोमाकडे चालत गेले. पेटी काढली, बॅग काढली, दोन्ही त्याच्या पुढ्यात धरली. म्हणाले, "तू जा सुरगाण्याला. पोट बरं हाय ना आता?" सोमानं विडी टाकली, पेटी गळ्यात अडकवली आणि गाडीत चढला. मला तेव्हा इतकं हलकं वाटलं. नाशिकरोडच्या बसमध्ये मी सारखी बोलत होते. आप्पा खिडकीबाहेर बघत होते आणि मला वाटत होतं ते सामन्याचा विचार करतायत.

दोन्ही सेमीफायनल एकाच दिवशी होत्या. आम्ही पोचलो तेव्हा पहिली संपत आली होती, लष्कर आणि सटाणा, आणि सटाण्यावर सहा गोल झाले होते. सहा झाल्यावरसुद्धा त्यांचा तो काडीसारखा पोरगा बॉलमागे धावत होता, जीभ बाहेर काढून. शिट्टी झाल्यावर तो मैदानातच बसला आणि रडला. कुंपणाजवळ उभी असलेली त्याची आई, ठमाबाई म्हणत होते तिला, नऊवारीचा काष्टा घातलेली, पदरानं डोळे पुसत त्याला उठवायला आली. "सहा तं सहा व्हयनात," ती आजूबाजूच्यांना सांगत होती, कुणी विचारलं नसताना. "पन पोरं पयनात ना शेवटलोंग." पोरं शेवटपर्यंत पळाली, एवढंच तिला सांगायचं होतं. मग ती सगळी माणसं आपल्या टेम्पोपाशी गेली, फडक्यातून भाकऱ्या निघाल्या, आणि रडणं आणि खाणं एकदमच सुरू झालं. कुणीतरी कुणाच्या तरी चुकलेल्या किकेची नक्कल केली आणि ती रडणारी माणसं हसली.

आप्पा डाव्या खांबापाशी जाऊन उभे राहिले. मामानं त्यांना पाहिलं. तो चालत आला, चपला काढल्या, आणि आप्पांनी त्या घेतल्या. मामानं माझ्याकडे बघितलं आणि त्याला समजलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आणि मग मामा असा खेळला की मी तसा खेळ कधी पाहिला नाही. मनमाडवाल्यांनी मारलेला प्रत्येक बॉल तो छातीशी ओढून घेत होता, जिथं पडायची गरज नव्हती तिथंही पडत होता, गुडघे सोलले, हनुवटी फुटली, आणि प्रत्येक वेळी उठताना मागे एक नजर. मी शिट्ट्या मारत होते. आमचे लोक ओरडत होते. आप्पा ओरडत नव्हते. मी म्हटलं, "आप्पा, बघा ना." ते म्हणाले, "बघतोय." ते खरंच बघत होते. इतकं बारकाईनं की मला भीती वाटायला लागली. ते बॉल बघत नव्हते. मामाचे हात बघत होते.

गोल शेवटी शेवटी झाला. बॉल उंच आला, डिसेंबरचं तिरपं ऊन मामाच्या समोर होतं, तो उडाला, दोन्ही हातांत बॉल आला, आला म्हणजे आलाच, मी पाहिला, आणि निसटून त्याच्या खांद्यावरून मागे पडला. मग आमच्याच गर्दीतून, मागून, कुणीतरी हसत म्हणालं, "काय रे, हा पण ठरलेलाच का?" आणि बरीच माणसं हसली. म्हणजे तोपर्यंत सगळ्या वसाहतीला कळलेलं होतं. मामानं ते ऐकलं. तो जमिनीवर बॉलशेजारी पालथा पडला होता, आणि ते वाक्य त्याच्या पाठीवर पडताना मला दिसलं.

आम्ही हरलो. झुंबरभाऊ डोक्यावर मारून घेत होते, आता अगदी मनापासून. मामा आप्पांपुढे येऊन उभा राहिला. त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट सुजून वाकडं झालं होतं. ते तो लपवत नव्हता, दाखवतही नव्हता, त्याला काय करावं ते समजत नव्हतं.

"दाजी," तो म्हणाला. "हा खरा गेला. आईशपथ. उन्हात सुटला हातातनं."

मला वाटलं आता आप्पा एक शिवी देतील. किंवा त्याला जवळ घेतील. किंवा तोंड न झाकता रडतील, दोन फायनलना रडले तसे, आणि मग आम्ही सगळे घरी जाऊ. मी मनात म्हणत होते, रडा आप्पा. मामाही तेच म्हणत होता, मला दिसत होतं.

"असेल," आप्पा म्हणाले.

रागानं नाही. टोमणाही नव्हता त्यात. पॅसेंजरनं सुटे दिले म्हणून सांगावं आणि कंडक्टरला आठवू नये, तेव्हा तो म्हणतो तसं. त्यांनी चपला मामाच्या पायाशी ठेवल्या आणि माझ्याकडे वळून विचारलं, अगदी हळू, खरोखर माहिती हवी असल्यासारखं, "तू बघितलंस ना? कसा होता गं?" मी खांबापाशी होते. बॉल हातात आलेला मी पाहिला होता, निसटलेला पाहिला होता, वाकडं बोट पाहत होते. आणि मला सांगता येईना. मागच्या खेपेलाही मी पाहिलंच होतं की. मी म्हणाले, "खरा होता, आप्पा," आणि ते जरा थांबले, पुढे काही येतंय का म्हणून, आणि पुढे काही आलं नाही.

मग ते कुंपणाकडे चालायला लागले. मला वाटलं घरी निघाले, पण ते टेम्पोपाशी थांबले. सटाण्याच्या लोकांनी सरकून जागा केली. त्यांना काय माहीत हा कोण, हरलेल्यांपैकी कुणी आहे एवढं त्यांना दिसत असावं. ठमाबाईनं भाकरीवर ठेचा घालून त्यांच्या हातात दिली. आप्पांनी तिच्या पोराला विचारलं, आवाज मला मैदानातून ऐकू येत होता, "त्या सहातला पहिला कसा गेला रे? नीट सांग." पोरानं नाक पुसलं आणि हातवारे करून सांगायला लागला, त्यांचा गोली पुढं आला आणि लष्कराच्या त्या उंच जवानानं डोक्यावरून टाकला. "आन दुसरा?" आप्पा म्हणाले. पोरगा सांगत होता, बाकीचे मधे बोलून दुरुस्त करत होते. तिसऱ्या गोलाशी आप्पांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांनी ते पुसलं नाही. भाकरी हातात तशीच धरून ते म्हणाले, "अरेरे. मंग चौथा?"

इकडे मामा बोट छातीशी धरून उभा होता आणि त्यांच्याकडे बघत होता. पलीकडे कांद्याच्या टेम्पोपाशी माझे वडील दुसऱ्यांच्या हरण्यावर रडत होते. मैदान रिकामं व्हायला लागलं, पोरांनी फळकुटाच्या बॅटी आणून गोलापुढे खेळ मांडला, आणि मी दोघांच्या मधे बराच वेळ उभी राहिले, कारण कुणाकडेही पाऊल टाकलं असतं तरी ते दुसऱ्याला दिसलं असतं.